दोन मँचेस्टर आणि ३३७ वर्षांची गायिका

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना थोडं इकडंतिकडं झालंय, ते तसंच ठेवलंय.

आमच्या इचलकरंजीत मागाचा आवाज बंद झाला की झोपमोड होते. बाहेरच्या पाहुण्याला हे उलटं वाटतं. पहिल्या रात्री तो कानावर उशी घेऊन पडतो आणि विचारतो, "हे रात्रभर चालतं?" हो, चालतं. लाईट गेली आणि गल्लीतले सगळे माग एकदम गप्प झाले की घरातली म्हातारी माणसं उठून बसतात, काय झालं म्हणून. तर अशाच एका रात्री, बाहेर खटक-खट खटक-खट चालू असताना, मी आयुष्यातला पहिला अख्खा ऑपेरा ऐकला. मित्रानं लिंक पाठवली होती. खाली एवढंच लिहिलं होतं: "भावा, यातली बाई ३३७ वर्षांची आहे. ऐक."

ऑपेरा म्हटलं की माझ्या डोक्यात एकच चित्र होतं. शिंगांचं शिरस्त्राण घातलेली भक्कम बाई, काच फुटेल असा आवाज, आणि समोर झोपलेले श्रीमंत लोक. हे वेगळंच निघालं. पहिला अंक चक्क वकिलाच्या ऑफिसात. टेबलावर टेलिफोन, कपाटात फायलींचे ढीग, आणि इस्टेटीचा एक दिवाणी दावा, जो जवळजवळ शंभर वर्षं चाललाय. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला यात विज्ञानकथा कुठं आहे तेच कळणार नाही. बांधावरनं तीन पिढ्या कोर्टात जातात हे आपण बघतोच की.

या ऑपेराचं नाव 'माकरोपुलोस प्रकरण'. संगीतकार लेओश यानाचेक. पहिला प्रयोग १८ डिसेंबर १९२६, गाव ब्रनो. हे ब्रनो म्हणजे आजच्या चेक देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. तिथं लोकरी कापडाच्या इतक्या गिरण्या होत्या की त्याला मोरावियाचं मँचेस्टर म्हणायचे. इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात हे आपण शाळेच्या निबंधात लिहून लिहून दमलोय. म्हणजे जगातल्या सगळ्यात भारी विज्ञान-ऑपेरांपैकी एक पॅरिसमध्ये नाही, व्हिएन्नात नाही, कापड विणणाऱ्या गावात पहिल्यांदा उभा राहिला. हे वाचल्यावर मला गप्प बसवेना. त्यातून हा भाग झाला.

आधी गोष्ट सांगतो. स्पॉयलर आहे, पण शंभर वर्षं होत आली, आता चालतंय.

एमिलिया मार्टी नावाची गायिका. सगळं शहर तिच्या गाण्यामागं वेडं. ती त्या वकिलाच्या ऑफिसात येते आणि शंभर वर्षांपूर्वीचं मृत्युपत्र कुठल्या घरात, कुठल्या कपाटात आहे ते सांगते. लोक उघडून बघतात तर खरंच तिथं. हिला कसं ठाऊक? हळूहळू कळतं की ती तेव्हा तिथं होती. तिचं खरं नाव एलिना माकरोपुलोस, जन्म १५८५, क्रीट बेटावरचा. तिचा बाप प्राग शहरात सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्या पदरी वैद्य होता. सम्राटानं त्याच्याकडं आयुष्य वाढवायचं औषध मागितलं. औषध तयार झाल्यावर सम्राट म्हणाला, आधी तुझ्या पोरीवर वापरून बघ. पोर बेशुद्ध पडली, बाप तुरुंगात गेला. पोर मात्र शुद्धीवर आली आणि औषधाची कृती घेऊन पळाली. तेव्हापासून ती तीनशे वर्षं जगतेय. दर पिढीला नवीन देश, नवीन नाव, फक्त आद्याक्षरं तीच, ए. आणि मा. तिचे प्रियकर मेले, पोरं मेली. दाव्यातला एक पक्षकार तर तिचाच वंशज आहे, आणि तो बिचारा तिच्याच प्रेमात पडलाय. आता औषधाचा असर उतरतोय आणि तो कागद तिला परत हवाय.

ही मूळ कथा यानाचेकची नाही. कारेल चापेकचं नाटक होतं, १९२२ सालचं. हा चापेक म्हणजे ज्याच्या नाटकातून 'रोबो' हा शब्द जगाला मिळाला तोच. यानाचेकनं नाटक बघितलं तेव्हा तो अडुसष्ट वर्षांचा होता, ऑपेरा रंगभूमीवर आला तेव्हा बहात्तर. म्हातारपणी माणूस मरणाबद्दलची गोष्ट निवडतो यात नवल नाही. मला भारी वाटलं ते त्याचं काम करायचं तंत्र. हा माणूस खिशात वही घेऊन फिरायचा आणि लोक बोलताना आवाज कसा चढतो-उतरतो ते स्वरात लिहून ठेवायचा. बाजारातली बाई, रस्त्यावरचं पोर, कोण काय बोललं ते. त्याच्या ऑपेरात म्हणून माणसं गाता गाता भांडतात, कागद शोधतात, फोनवर बोलतात, आणि ते खोटं वाटत नाही. चेक भाषेतला एक शब्द मला येत नाही, तरी वकील कुठं वैतागला ते मला बरोबर कळत होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. एमिलिया गाते इतकी चांगली, कारण तिला रियाज करायला तीनशे वर्षं मिळाली. आवाज परिपूर्ण झाला. आणि आतून ती पूर्ण थंड पडलीय. कोण मेलं, कोण रडलं, तिला काही फरक पडत नाही. शेवटी तो कागद तिच्या हातात येतो आणि तिला कळतं की आपल्याला नकोच आहे हे. ती तो क्रिस्टा नावाच्या तरुण गायिकेला देऊ करते: घे, माझ्यासारखी मोठी गायिका होशील. क्रिस्टा कागद घेते आणि जाळून टाकते.

मी लूप लावून ती शेवटची वीस मिनिटं ऐकली. बाहेर माग चालूच.

ऑपेरा आणि विज्ञानकल्पना यांचं लग्न यानाचेकनं लावलं असं मात्र नाही. १७७७ साली हायडननं 'चंद्रावरचं जग' नावाचा ऑपेरा केला होता. त्यात एक भोंदू ज्योतिर्विद एका भोळ्या बापाला गुंगीचं औषध पाजतो, बागेत चंद्राचा देखावा उभा करतो, आणि तू चंद्रावर पोचलास असं पटवून त्याच्या पोरींची लग्नं लावून घेतो. हे ऐकून मला वगनाट्यच आठवलं. मावशी तेवढी नाही. मग १८७५ मध्ये ऑफेनबाखनं ज्यूल व्हर्नच्या धर्तीवर तोफेच्या गोळ्यात बसवून राजाला चंद्रावर पाठवलं. त्याच ऑफेनबाखचा शेवटचा ऑपेरा 'हॉफमनच्या कथा', १८८१ सालचा. त्यात ऑलिंपिया नावाची मुलगी अप्रतिम गाते, नायक तिच्यावर भाळतो, आणि गाता गाता तिचा आवाज मध्येच खाली घसरतो. कुणीतरी मागनं जाऊन किल्ली देतं आणि ती पुन्हा गायला लागते. ती यंत्राची बाहुली असते. आज हे बघताना हसू येतं आणि थोडी भीतीही वाटते. का ते पुढं सांगतो.

या ऑलिंपियाचं ब्रनोशी एक विचित्र नातं आहे. ८ डिसेंबर १८८१ ला व्हिएन्नाच्या रिंगथिएटरमध्ये 'हॉफमनच्या कथा' सुरू होण्याआधी गॅसच्या दिव्यांमुळं आग लागली आणि शेकडो माणसं गेली. सगळ्या युरोपनं धसका घेतला. पुढच्याच वर्षी ब्रनोत नवीन नाट्यगृह उघडलं, त्यात गॅस नव्हता, एडिसनच्या कंपनीचे विजेचे दिवे होते. विजेचं स्वतःचं केंद्र लावून उजळलेलं हे युरोपातलं अगदी पहिल्या काही नाट्यगृहांतलं. 'माकरोपुलोस' तिथंच झाला. भविष्यातला ऑपेरा त्या गावात जन्मला, कारण त्या गावात भविष्य आधी येऊन बसलं होतं. गिरण्या, वीज, टेलिफोन, आणि या सगळ्यात राहणारा वही घेऊन फिरणारा म्हातारा.

आता आपल्याकडं येऊ.

१८४३. हे साल पाठ करून ठेवा. त्या वर्षी ५ नोव्हेंबरला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं आणि मराठी नाटक सुरू झालं. सांगली आमच्यापासनं तीसेक किलोमीटर. त्याच वर्षी लंडनमध्ये एडा लव्हलेस नावाच्या बाईनं चार्ल्स बॅबेजच्या न झालेल्या गणनयंत्रावर टिपणं छापली. तिनं लिहिलं की जेकार्डचा माग जशी फुलंपानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताचे नमुने विणेल. आणि पुढं तिनं असंही म्हटलं की स्वरांचे संबंध नियमात बसवता आले तर हे यंत्र संगीतही रचू शकेल. कॉम्प्युटरनं गाणं करायची कल्पना मागाच्या शेजारी बसून सुचली, असं मी म्हणतो. जेकार्ड म्हणजे काय हे इचलकरंजीच्या पोराला सांगायला नको. भोक पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं, भोक असेल तिथं सुई आत जाते आणि धागा उचलला जातो, नसेल तिथं नाही. हो किंवा नाही. तुमच्या हातातला फोनही आत तेच करतोय.

सांगलीहून सुरू झालेलं नाटक ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'पाशी संगीत नाटक झालं. ऑलिंपियाचा पॅरिसमधला पहिला प्रयोग त्यानंतर साडेतीन महिन्यांनी. म्हणजे दोन्हीकडं एकाच हंगामात नायिका गात होत्या. एक ऋषीच्या आश्रमात, दुसरी किल्लीवर.

मग आपली संगीत नाटकं चंद्रावर का गेली नाहीत? गाजलेली नाटकं मोजा, सगळी पुराण, इतिहास नाहीतर लग्नाचा घोळ. कल्पना नव्हती असं म्हणता येत नाही. १९०० साली 'केरळकोकिळ' मासिकात व्हर्नच्या चंद्रसफरीचं मराठी रूप क्रमशः यायला लागलं होतं. वाचणारा वर्ग तोच, नाटक बघणाराही तोच. माझं मत असं की आपल्या नाटककाराला चंद्रावर जायची गरजच पडली नाही. त्याच्याकडं पुराणात तयार प्रयोगशाळा होती. ती एकदा उघडून बघा.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. सांगलीचे, जन्म १८७२. टिळकांचे उजवे हात, 'केसरी'चे संपादक. तरुणपणी नेपाळात कौलांचा कारखाना काढायच्या निमित्तानं हत्यारं बनवायचा घाट घातलेला माणूस. वरनं कौलं, आतनं बंदुका. त्यांच्या 'कीचकवधा'वर इंग्रज सरकारनं १९१० मध्ये बंदी घातली, कारण सैरंध्री कोण आणि कीचक कोण हे प्रेक्षकांना बरोबर कळत होतं. तर अशा माणसानं १९१३ मध्ये 'विद्याहरण' लिहिलं.

कच-देवयानीची गोष्ट आजीनं सांगितली असेल. ती आता वेगळ्या कानानं ऐका. देव आणि दानवांचं युद्ध चाललंय. दानवांकडं एक तंत्र आहे, संजीवनी. मेलेला सैनिक उठून उभा राहतो. ते तंत्र एकाच माणसाच्या डोक्यात आहे, शुक्राचार्यांच्या. देव आपला हुशार पोरगा, कच, शत्रूच्या विद्यापीठात शिकायला पाठवतात. उघड उघड औद्योगिक हेरगिरी. दानवांना संशय येतो, ते त्याला मारतात. देवयानीच्या हट्टानं बाप त्याला उठवतो. पुन्हा मारतात, पुन्हा उठवतो. तिसऱ्यांदा दानव त्याची राख करून दारूत मिसळतात आणि शुक्राचार्यांनाच पाजतात. आता कच गुरूच्या पोटात. बाहेर काढायचा तर गुरूचं पोट फाडूनच काढावा लागेल, म्हणजे गुरू मेला. मग शुक्राचार्य काय करतात? पोटातल्या शिष्याला विद्या शिकवतात. कच बाहेर येतो, गुरू मरतो, आणि आत्ताच शिकलेली विद्या वापरून शिष्य गुरूला उठवतो.

सांगा, यात काय कमी आहे? मरण उलटवणारं तंत्र, त्यावरची मक्तेदारी, चोरी, आणि तंत्र हातात असलेल्या माणसाचं दारूचं व्यसन. खाडिलकरांचा रोख त्या दारूवर मोठा होता. एवढी विद्या असलेला माणूस एका पेल्यापायी घात करून घेतो. आणि हे सगळं गात गात. देवयानी झाले होते बालगंधर्व.

चापेकच्या कागदावर जे लिहिलं होतं तेच शुक्राचार्यांच्या डोक्यात होतं, मरण टाळायची कृती. पण दोन्ही गोष्टी उलट दिशांना जातात. माकरोपुलोसची कृती ज्याच्याकडं आहे तो एकटाच जगतो. संजीवनी दुसऱ्याला शिकवल्याशिवाय गुरूसुद्धा वाचत नाही. हे माझ्या डोक्यात आलं आणि मग एकदम आमच्या गावचे बुवा आठवले.

पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. जन्म १८४९, याच परिसरातला. पोटात गाणं शिकायची आग आणि महाराष्ट्रात तेव्हा ख्याल शिकवणारं कुणी नाही. बुवा घर सोडून निघाले. आज आपण यूट्यूबवर 'राग यमन' टाकतो आणि दोन सेकंदात मिळालं नाही तर चिडतो. बुवांनी त्यासाठी मुलुख तुडवला. धारला देवजीबुवांकडं राहिले, मग ग्वाल्हेरच्या परंपरेतल्या वासुदेवबुवा जोशींकडं. गुरूच्या घरी पडेल ते काम करायचं आणि मिळेल तेवढं शिकायचं. वासुदेवबुवा शिकले होते हस्सू खाँ यांच्याकडं. ग्वाल्हेरचा तो गळा वासुदेवबुवांमधून बाळकृष्णबुवांमध्ये आला आणि त्यांच्याबरोबर इकडं, कृष्णाकाठी. मिरजेला दरबारी गायक झाले, नंतर इचलकरंजीच्या घोरपडे जहागीरदारांनी त्यांना आश्रय दिला. म्हणून नावात इचलकरंजीकर.

मिरजेत त्यांच्याकडं कुरुंदवाडचा एक पोरगा आला. फटाक्यानं डोळे अधू झालेले, शाळेचं शिक्षण अवघड, निदान गाणं शिकू दे म्हणून पाठवलेला. तो विष्णु दिगंबर पलुस्कर. त्यानं १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्याचा शिष्य विनायकराव पटवर्धन, तो १९२०च्या दशकात गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांसमोर नायक म्हणून उभा राहिला. झालं का वर्तुळ पूर्ण? इचलकरंजीच्या बुवांचा गळा तीन पायऱ्यांत संगीत नाटकाच्या रंगमंचावर.

एमिलियाला तीनशे वर्षं मिळाली एका देहात. घराण्यालाही शे-दीडशे वर्षं सहज मिळतात, पण चार-पाच देहांत. गुरू जातो, तान राहते, फक्त थोडी बदलते. शिष्याचा घसा वेगळा, दमसास वेगळा, म्हणून ती बदलणारच. एमिलियाचं गाणं परिपूर्ण झालं आणि थिजलं, कारण ते कुणाच्या पोटात गेलंच नाही. मला हे सुचलं तेव्हा मी एकटाच गॅलरीत टाळी वाजवली होती. आणि नंतर तारीख बघितली. बाळकृष्णबुवा गेले १९२६ साली. 'माकरोपुलोस' आला १९२६ साली. योगायोग आहे, त्याचा काही अर्थ काढू नका, मीही काढत नाही. पण ऐकताना अंगावर काटा आला होता.

बुवा इथं होते त्याच काळात गावाचा आवाज बदलत होता. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचं पाठबळ होतं. तोच जहागीरदार एका हातानं ख्याल सांभाळत होता आणि दुसऱ्या हातानं मागांना जागा देत होता. ब्रनोत गिरणी आणि ऑपेरा जसे शेजारी नांदले, तसंच इथं माग आणि बुवा. फरक इतकाच की तिथं कुणीतरी वही काढून दोन्ही एकत्र लिहिलं. इथं धोट्याच्या ठेक्यावर बंदिश कुणी बांधली नाही. बांधायला हवी होती असं मला फार वाटतं. मागाचा ठेका ऐकलाय ना तुम्ही? कुठल्याही बीटपेक्षा सरस आहे, आणि दोन माग शेजारी असले की कधीच एका लयीत चालत नाहीत. एक थोडा पुढं जातो, दुसरा मागं राहतो, मग मध्येच एका समेवर येतात. न्यूयॉर्कचा फिलिप ग्लास लयीच्याच खेळावर जगप्रसिद्ध झाला. तो रविशंकर आणि अल्लारखांबरोबर काम करून आपली लयकारी उचलून घेऊन गेला, आणि १९७६ मध्ये त्यानं 'आइनस्टाइन ऑन द बीच' हा जवळजवळ पाच तासांचा ऑपेरा केला. मध्यंतर नाही, प्रेक्षकांनी वाटेल तेव्हा बाहेर जावं, यावं. त्यात ट्रेन आहे, कोर्ट आहे, शेवटी अवकाशयान. पाच तास म्हटल्यावर तिकडं चर्चा झाली. आपल्याकडं रात्रभर संगीत नाटक चालायचं, वन्समोअर घेत घेत पहाट व्हायची, त्याचं कुणाला अप्रूप नव्हतं.

बाकीचे भराभर सांगतो, यादी करून ठेवा. स्वीडनचा ब्लॉमडाल, 'आनियारा', १९५९: पृथ्वी सोडून मंगळाकडं निघालेलं निर्वासितांचं जहाज रस्ता चुकतं आणि कधीच परत फिरू शकत नाही. जहाजावरचा संगणक पृथ्वीचं दुःख सहन न होऊन बंद पडतो. टेपवरचा इलेक्ट्रॉनिक आवाज ऑपेरात आणणाऱ्या पहिल्या काही कामांतलं हे. मॅकोवरचा 'डेथ अँड द पॉवर्स', २०१०: एक श्रीमंत म्हातारा मरण्याआधी स्वतःला आपल्या घराच्या यंत्रणेत अपलोड करतो. आणि त्याच २०१० मध्ये हेग शहरात 'स्टार ट्रेक'मधल्या क्लिंगॉन भाषेत अख्खा ऑपेरा झाला. होय, खरंच झाला. जगात लोकांना वेळ असतो.

मराठीत मात्र विज्ञानकथा गद्यात वाढली. आणि तीही आपल्याच मातीत जन्मलेल्या माणसामुळं. जयंत नारळीकर, जन्म कोल्हापूर, १९ जुलै १९३८. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेची कथास्पर्धा होती. नारळीकर तेव्हा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ. नाव बघून बक्षीस नको म्हणून त्यांनी 'नारायण विनायक जगताप' नावानं 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. आद्याक्षरं उलटी केली की जयंत विष्णू नारळीकर. अक्षर ओळखू नये म्हणून मंगलाताईंकडनं नक्कल करून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. एमिलिया मार्टीपेक्षा हा आद्याक्षरांचा डाव भारी आहे की नाही? त्याच १९७४ साली इचलकरंजीत साहित्य संमेलन भरलं होतं, अध्यक्ष पु. ल. देशपांडे. चार वर्षांनी त्याच पुलंनी ब्रेख्तचा 'थ्री पेनी ऑपेरा' मराठीत 'तीन पैशाचा तमाशा' म्हणून उतरवला. म्हणजे ऑपेरा आणता येतो, विज्ञानकथा लिहिता येते. एकाकडं पेटी होती, दुसऱ्याकडं दुर्बीण. दोघांची गाठ पडून नाटक झालं असतं तर मी आज हा भाग वेगळा केला असता. नारळीकर २० मे २०२५ ला गेले.

आता भीतीची गोष्ट, जी मघाशी ठेवली होती.

जानेवारी २०२४ मध्ये ए. आर. रहमाननं एका तमिळ गाण्यात बांबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयनं पुन्हा गाऊन घेतले. घरच्यांची परवानगी घेतली, मोबदला दिला, हे त्यानं जाहीर सांगितलं. व्यवहार स्वच्छ. तरी ते गाणं ऐकताना मला ऑलिंपिया आठवली. आवाज आहे, दम कुठं घेतला ते कळत नाही. परवा एकानं मला बालगंधर्वांच्या नावानं नवीनच गाणं पाठवलं, एआयचं. त्यात ते कुठलंतरी सिनेमातलं गाणं म्हणत होते. पहिल्यांदा हसलो. नंतर फोन उलटा ठेवला. गळ्याची नक्कल होती, पण तो गळा कुणाच्या पोटात गेलेला नव्हता. एडाबाई म्हणाल्या होत्या ते खरं झालं, जेकार्डच्या नातवंडानं गाणं विणलं. मला ते यंत्र वाईट वाटत नाही. मी स्वतः या पॉडकास्टचा आवाज त्यानंच साफ करतो. पण क्रिस्टाच्या हातात कागद दिलाय आणि ती विचार करतेय, अशा जागेवर आपण आत्ता उभे आहोत असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या वेळी वाजवतो.

एक आग अजून राहिली. ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ चं पॅलेस थिएटर. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. आमच्या फोनवर व्हिडिओ येत होते, आणि त्यात कलाकार रस्त्यावर उभे राहून रडत होते. ज्यांनी तिथं कधी नाटक बघितलं नाही तेही स्टेटस ठेवत होते, मीसुद्धा ठेवलं. लगेच मागणी सुरू झाली, होतं तसंच्या तसं उभं करा. दगड तसेच, कमानी तशाच. मलाही तेच हवंय, खोटं कशाला बोलू. रिंगथिएटर जळाल्यावर ब्रनोनं दिवे बदलले होते, हे मात्र डोक्यातनं जात नाही. भिंती जुन्या उभ्या राहू देत. आत पहिल्या वर्षी कुणीतरी नवीन संगीत नाटक करावं, त्यात टेलिफोन नाहीतर मोबाइल वाजावा, वकील गावा, कचानं कॉलर मायक्रोफोन लावून संजीवनीचा कोड चोरावा, आणि मागाच्या ठेक्यावर एक तरी पद असावं. लिहिणारं कुणी असेल तर ठेका मी रेकॉर्ड करून देतो. चांगले दहा-बारा तास साठलेत माझ्याकडं, साध्या मागाचे वेगळे, रॅपिअरचे वेगळे.

ऐकायचं असेल तर उलट्या क्रमानं ऐका. आधी 'माकरोपुलोस'ची शेवटची वीस मिनिटं, तिथं ती तीनशे वर्षांनी लहानपणीची ग्रीक प्रार्थना आठवते ती जागा पकडा. मग पहिला अंक, म्हणजे वकिलाचं ऑफिस जास्त मजेशीर लागेल. मग बालगंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका, खरखरीसकट, साफ न केलेल्या. इयरफोनवर ऐकू नका, मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, त्याच खरखरीच्या जातीचा आवाज आहे तो.

पुढचा भाग कुरुंदवाडहून लाहोरपर्यंत. फटाक्यानं डोळे गेलेल्या पोरानं गाण्याची शाळा कशी काढली ते.

मध्ये लाईट गेली होती, ते तुम्हाला रेकॉर्डिंगमध्ये कळलं असेल, मी बुवांबद्दल बोलत होतो तेव्हा मागं एकदम शांत झालं होतं. आत्ता आली. शेजारचे माग सुरू झालेत, आता माईकमध्ये माझं काही ऐकू येणार नाही. थांबतो.